‘यात सांगण्यासारखे काय?’ असे विचारणाऱ्या क्रीडाप्रेमींस खुले पत्र

क्रीडाप्रेमी मित्रहो,

सप्रेम नमस्कार.

१५ मे २०११ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ वृत्तांतात एनबीए या अमेरिकेतील पुरुषांच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील फिनिक्स सन्स या संघाचे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी रिक वेल्ट्स यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगितले. अमेरिकेतील पुरुषांच्या मोठ्या सांघिक खेळांत एवढ्या वरच्या पदावर असताना ही गोष्ट उघड करणारे ते पहिले अधिकारी मानले जातात. त्यावर ज्या प्रतिक्रिया उमटल्या, त्यांतील बहुसंख्य अभिनंदनाच्या होत्या आणि काही शिवीगाळीच्या होत्या. तिसरी प्रतिक्रिया आपली होती. ज्याचे खासगी आयुष्य त्याच्यापाशी, आम्ही सामना पाहायला येतो, कार्यालयात बसणारा माणूस घरी कोणाबरोबर राहतो याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, मग हे आम्हाला सांगितले तरी कशासाठी, असे आपण विचारले. दोन वर्षांनी जेसन कॉलिन्स या खेळाडूने आणि त्यानंतर बिल केनेडी या पंचांनी आपल्याविषयी सांगितले, तेव्हाही आपला प्रश्न हाच होता.

हे पत्र शिवीगाळ करणाऱ्यांना नाही. त्यांच्याशी वाद घालून कोणाचे मत बदलल्याचे मी पाहिलेले नाही. आपले तसे नाही. आपल्या मनात द्वेष नसतो, उलट आपण या विषयाच्या पलीकडे गेलेले आहोत अशी आपली प्रामाणिक समजूत असते, आणि म्हणूनच आपल्या प्रश्नाला नीट उत्तर मिळायला हवे असे मला वाटते.

आपल्या प्रश्नामागे एक गृहीत आहे. क्रीडाक्षेत्राचे सार्वजनिक जीवन लैंगिकतेच्या बाबतीत अगदी कोरे असते आणि वेल्ट्स यांच्यासारखा एखादा माणूस मध्येच उठून त्यात आपले खासगी प्रकरण घुसडतो, असे ते गृहीत. प्रत्यक्षात काय दिसते? संघमालकाची पत्नी कोर्टाच्या कडेच्या खुर्चीत बसलेली असते आणि कॅमेरा सामन्यागणिक तिच्याकडे वळतो. विजेतेपदानंतर कागदी फुलांच्या वर्षावात खेळाडू बायकोला मिठी मारतात आणि तेच छायाचित्र दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येते. २०१५ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाचा खेळाडू स्टीफन करी आपल्या चिमुकल्या मुलीला मांडीवर घेऊन पत्रकार परिषदेला बसला, तिने तिथे मनसोक्त दंगा केला आणि सगळ्या जगाने त्याचे कौतुक केले. ‘तुमचा संसार आम्हाला कशाला दाखवता?’ असे त्या दिवशी आपल्यापैकी कोणी विचारल्याचे मला आठवत नाही, आणि विचारायचे कारणही नव्हते. पण मग हे मान्य करायला हवे की कोणावर आपले प्रेम आहे, कोणाबरोबर आपण राहतो, ही माहिती खेळाच्या जगात रोज, सहज आणि आनंदाने दिली जाते. ती देण्याची मुभा कोणाला आहे आणि कोणाला नाही, एवढाच काय तो मुद्दा आहे.

ती मुभा नसणे म्हणजे काय, हे वेल्ट्स यांच्या आयुष्यातील १९९४ हे साल सांगते. तोवर ते एनबीएच्या न्यूयॉर्कमधील मुख्य कार्यालयातले वजनदार अधिकारी झालेले होते. सिअ‍ॅटलमध्ये सोळाव्या वर्षी सुपरसॉनिक्स संघाकडे चेंडू उचलून देणारा मुलगा म्हणून लागलेले वेल्ट्स पुढे त्याच संघाचे जनसंपर्क प्रमुख झाले आणि १९८२ मध्ये लीगच्या कार्यालयात आले. प्रायोजक एनबीएपासून चार हात लांब राहत होते, तो हा काळ. १९८४ मध्ये डेन्व्हर येथे निवडक अव्वल खेळाडूंच्या वार्षिक ऑल-स्टार सामन्याचे रूपांतर दोन दिवसांच्या सोहळ्यात झाले आणि त्यात उंच उडी घेऊन चेंडू वरून जाळीत आदळण्याची ‘स्लॅम डंक’ स्पर्धा आली, त्या सोहळ्याची कल्पना वेल्ट्स यांची. आज त्या सोहळ्याभोवती उभा असलेला सारा बाजार पाहिला तर या माणसाने लीगला काय मिळवून दिले हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा माणसाचा अनेक वर्षांचा जोडीदार १९९४ मध्ये एड्सशी संबंधित आजाराने वारला. वेल्ट्स यांनी कामावरून जेमतेम एक-दोन दिवस रजा घेतली. कार्यालयात चौकशी करणाऱ्यांना सांगण्यात आले ते एवढेच की त्यांचा एक चांगला मित्र गेला.

पती किंवा पत्नी गेल्यावर सहकारी घरी येतात, वरिष्ठ आठवडाभर कामाचे नाव काढू देत नाहीत, अंत्यविधीला फुलांचे चक्र पाठवले जाते, आणि पुढे कित्येक महिने कामात झालेली चूक लोक समजून घेतात. यातले काहीही त्या माणसाच्या वाट्याला आले नाही, कारण कोण गेले हेच त्याला सांगता येत नव्हते. यात शयनगृहातली कोणतीही गोष्ट नाही, हे आपण कृपया पाहावे. हजेरीपट, दूरध्वनी, रजेचा अर्ज आणि शोकसंदेश, म्हणजे जे जे म्हणून कार्यालयीन असते, तिथेच या मौनाची किंमत मोजली गेली. १९९३ मध्ये अमेरिकेत कौटुंबिक रजेचा केंद्रीय कायदा झाला होता, आजारी जोडीदाराच्या शुश्रूषेसाठी रजा मिळण्याची सोय त्यात होती, पण त्या कायद्याचा जोडीदार म्हणजे विवाहित पती किंवा पत्नी, आणि दोन पुरुषांचा विवाह त्या वेळी अमेरिकेतल्या एकाही राज्यात मान्य नव्हता.

‘मग तेव्हाच का नाही सांगितले?’ असा एक उपप्रश्न आपल्यापैकी काहींनी केला होता. त्यासाठी त्या वर्षांतली लीग आठवावी लागेल. ७ नोव्हेंबर १९९१ रोजी लीगमधील आघाडीचे खेळाडू मॅजिक जॉन्सन यांनी आपल्याला एचआयव्हीची लागण झाल्याचे सांगून निवृत्ती जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी ते दूरचित्रवाणीवरील एका गप्पांच्या कार्यक्रमात गेले, आपण समलिंगी मुळीच नाही असे त्यांनी सांगितले, आणि स्टुडिओतल्या प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. प्राणघातक समजल्या जाणाऱ्या आजाराची बातमी चोवीस तासांपूर्वी देणाऱ्या माणसाला लोकांनी दाद दिली ती तो समलिंगी नाही म्हणून. पुढच्या वर्षी जॉन्सन पुनरागमन करू पाहत असताना कार्ल मलोन यांच्यासारख्या खेळाडूंनी त्यांच्याबरोबर मैदानात उतरण्याविषयी उघड भीती व्यक्त केली आणि हंगाम सुरू होण्याआधीच जॉन्सन यांना पुन्हा माघार घ्यावी लागली. या साऱ्या घडामोडींच्या वेळी वेल्ट्स लीगच्या कार्यालयात काम करत होते, आणि घरी त्यांचे आयुष्य ज्याच्याबरोबर जात होते तो माणूस पुढे त्याच साथीत गेला. त्या टाळ्या ज्याने ऐकल्या असतील, त्याने जोडीदार गेल्यानंतरही सतरा वर्षे तोंड उघडले नाही तर त्याला जाब विचारण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे, असे मला वाटत नाही.

वेल्ट्स यांच्या जोडीदाराच्या मृत्यूच्या प्रसंगाची दुसरी बाजूही आहे, आणि आपल्या प्रश्नाशी तिचा संबंध अधिक जवळचा आहे. लीगचे तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न हे वेल्ट्स यांचे वरिष्ठ, मार्गदर्शक आणि मित्र होते. त्या जोडीदाराच्या स्मरणार्थ वॉशिंग्टन विद्यापीठाला देणग्या द्याव्यात असे मृत्युलेखात म्हटले होते. त्यानुसार स्टर्न पतिपत्नींकडून दहा हजार डॉलरचा धनादेश गेला. म्हणजे स्टर्न यांना कळले होते. पण दोघांनी त्याविषयी एकमेकांशी अवाक्षर काढले नाही, आणि २०११ मध्ये वेल्ट्स यांनी समोर बसून सांगितले तेव्हा, आपल्याला हे फार पूर्वीपासून ठाऊक होते, परंतु विषय काढण्याचा आपल्याला अधिकार आहे असे कधी वाटले नाही, अशी स्टर्न यांची भूमिका होती. स्टर्न वाईट मनाचे होते असे मी म्हणणार नाही. धनादेश पाठवणारा माणूस निष्ठुर नसतो. पण ‘त्याचे खासगी आयुष्य त्याच्यापाशी’ हे आपले तत्त्व, त्यातल्या सर्व सभ्यतेसह, इतक्या कसोशीने पाळणारा दुसरा माणूस शोधून सापडणार नाही, आणि त्या सभ्यतेचा परिणाम असा झाला की शेजारच्या दालनातला सहकारी आपले दुःख एकट्याने वागवत राहिला. पुढे वेल्ट्स यांचे आणखी एक नाते चौदा वर्षांनी संपले, आणि ते संपण्यामागे सतत आडोशाने जगावे लागणे हेही एक कारण होते.

आता आपल्यातल्या त्या गटाकडे वळतो, ज्याने म्हटले की हे कार्यालयातले गृहस्थ आहेत, खेळाडू नाहीत, लॉकररूममध्ये त्यांना कपडे बदलायचे नाहीत, तेव्हा त्यांच्या सांगण्याला महत्त्व ते किती द्यायचे. खेळ खेळाडूच खेळतो, हे खरे आहे. पण खेळात काय चालेल आणि काय चालणार नाही, हे कार्यालयात ठरते. वेल्ट्स यांची बातमी येण्याच्या महिनाभर आधी खेळाडू कोबी ब्रायंट यांनी पंचांना उद्देशून समलिंगी माणसांसाठी वापरली जाणारी शिवी दिली आणि लीगने त्यांना एक लाख डॉलर दंड केला. बातमी आल्यानंतर आठवडाभरातच जोआकिम नोआ यांनी एका प्रेक्षकाला तसलीच शिवी हासडली आणि त्यांना पन्नास हजार डॉलर भरावे लागले. २००७ मध्ये माजी खेळाडू जॉन अमेची यांनी निवृत्तीनंतर आपल्याविषयी सांगितले, तेव्हा टिम हार्डवे या दुसऱ्या माजी खेळाडूंनी रेडिओवर आपण समलिंगी लोकांचा द्वेष करतो असे बिनदिक्कत सांगून टाकले, आणि त्यांना ऑल-स्टार सोहळ्यातील लीगच्या कार्यक्रमांतून काढून टाकण्यात आले. हा दंड किती असावा, कोणाला कोणत्या कार्यक्रमातून वगळावे, हे निर्णय मैदानात होत नाहीत. (हार्डवे यांचे पुढे मतपरिवर्तन झाले, कॉलिन्स यांना फोन करून त्यांनी पाठिंबाही दिला, हे नोंदवलेच पाहिजे. माणसे बदलतात, आणि ती बदलतात तेव्हा त्यांच्या जुन्या वाक्याने त्यांना आयुष्यभर बांधून ठेवू नये.)

कार्यालयातल्या माणसाचे महत्त्व याहून स्पष्टपणे २०१६ मध्ये दिसले. नॉर्थ कॅरोलिना राज्याने त्या वर्षी एक कायदा केला. त्यानुसार शासकीय इमारतींतील स्वच्छतागृहे जन्मदाखल्यावरील लिंगानुसारच वापरण्याची सक्ती झाली आणि समलिंगी व ट्रान्सजेंडर नागरिकांना भेदभावापासून संरक्षण देणारे शहरांचे स्थानिक नियम निकालात निघाले. पुढच्या वर्षीचा ऑल-स्टार सोहळा त्याच राज्यातल्या शार्लट शहरात व्हायचा होता. तोवर वॉरियर्सचे अध्यक्ष झालेल्या वेल्ट्स यांनी आयुक्त अ‍ॅडम सिल्व्हर आणि इतर संघांचे प्रतिनिधी यांच्यासमोर आपली अडचण मांडली की अशा परिस्थितीत तिथे जाणे आपल्याला जड जाईल. जो सोहळा त्यांनी स्वतः घडवला होता, त्याच सोहळ्याविषयी त्यांना हे म्हणावे लागत होते. लीगने तो सामना न्यू ऑर्लिन्सला हलवला. निर्णयामागे अनेक कारणे असतील, प्रायोजक असतील, जनमत असेल. पण त्या खोलीत एक माणूस असा होता की ज्याच्यासाठी हा कायदा वर्तमानपत्रातली चर्चा नव्हता, आणि तो तिथे आहे हे इतरांना माहीत होते. ही माहिती २०११ मध्ये दिली गेली नसती तर २०१६ मधले ते वाक्य उच्चारताच आले नसते.

‘धाडस’ या शब्दाची उधळण करणाऱ्यांशीही माझे पूर्णपणे जमत नाही, हे येथे सांगून टाकतो. वेल्ट्स यांनी सांगितले ते वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, कारकीर्दीच्या शिखरावरून, आयुक्त, बिल रसेल यांच्यासारखा महान खेळाडू आणि आपल्या संघाचा नायक स्टीव्ह नॅश यांना विश्वासात घेतल्यानंतर. त्याच संघाच्या तिकीट खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला ही सोय नव्हती. अ‍ॅरिझोना राज्याने २००८ मध्येच मतदान घेऊन विवाह म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री यांचाच, अशी घटनादुरुस्ती केली होती. कर्मचारी समलिंगी आहे एवढ्याच कारणावरून त्याला कामावरून काढणे संपूर्ण अमेरिकेत बेकायदा ठरले ते जून २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने. म्हणजे वेल्ट्स बोलले त्यानंतर नऊ वर्षांनी. तेव्हा त्यांचे अभिनंदन जरूर करावे, परंतु ते ज्या जागेवरून बोलले त्या जागेची उंची विसरून करू नये. त्यांनीही आपल्या सांगण्याचा हेतू याच दिशेने मांडला होता. क्रीडाक्षेत्रात आपल्याला जागा मिळेल का अशी शंका असलेल्या तरुणांना आधार वाटावा आणि या विषयाभोवतीचे मौन तुटावे, एवढी त्यांची अपेक्षा होती.

मौन तुटल्याने प्रत्यक्षात काय बदलले, याचे सगळ्यात बोलके उदाहरण मला २०११ च्याच सप्टेंबरात सापडते, आणि त्याची चर्चा फारच कमी झाली. वेल्ट्स यांनी फिनिक्स सन्सचे पद सोडले. कारण दिले ते असे की आपला साथीदार उत्तर कॅलिफोर्नियात राहतो आणि आपल्याला त्याच्या जवळ राहायचे आहे. थोड्याच दिवसांत ते वॉरियर्समध्ये रुजू झाले. विवाहित अधिकारी शेकडोंनी अशी कारणे देतात आणि ती बातमीच्या शेवटच्या ओळीत येऊन जातात. वेल्ट्स यांना मात्र १९९४ मध्ये रजेचे खरे कारण सांगता आले नव्हते, आणि २०११ मध्ये बदलीचे खरे कारण सांगता आले. मधल्या काळात त्यांची नोकरी आणि हुद्दा बदलला होता, पण लीग तीच होती. खरे कारण सांगता येण्याच्या बाबतीत नवा होता तो मे महिन्यातला तो एक वृत्तांत. ‘यात सांगण्यासारखे काय?’ या आपल्या प्रश्नाचे माझ्याकडे असलेले उत्तर हेच आहे की एकदा सांगितल्यावर पुढच्या साऱ्या साध्या गोष्टी न अडखळता सांगता येतात.

त्यांच्या कामावर याचा काय परिणाम झाला, असे कोणी विचारील तर वॉरियर्सनी २०१५, २०१७ आणि २०१८ मध्ये विजेतेपद मिळवले, २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत खासगी पैशातून नवे क्रीडागार उभे राहिले, आणि २०१८ मध्ये बास्केटबॉलमधील थोरांच्या ‘नेस्मिथ हॉल ऑफ फेम’ या सन्मानयादीत वेल्ट्स यांचा समावेश झाला. त्याच वर्षीच्या यादीत स्टीव्ह नॅश होते आणि ग्रँट हिल होते. हे हिल सन्सकडून खेळत असताना, वेल्ट्स यांच्या बातमीच्याच महिन्यात, समलिंगी माणसांना हिणवणारी भाषा वापरू नका असे सांगणाऱ्या जाहिरातीत दिसले होते.

तरीही गेल्या काही वर्षांकडे पाहून ‘झाले ते सगळे, आता विषय संपला’ असे म्हणण्याची घाई आपण करू नये. कॉलिन्स यांनी एप्रिल २०१३ मध्ये आपल्याविषयी लिहिले, फेब्रुवारी २०१४ मध्ये ते ब्रुकलिन नेट्सकडून मैदानात उतरले आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निवृत्त झाले. त्यानंतरच्या दहा वर्षांत एनबीएमध्ये खेळत असताना आपण समलिंगी असल्याचे जाहीरपणे सांगणारा दुसरा खेळाडू झाला नाही. वेल्ट्स यांनी ज्या महिला लीगच्या उभारणीला हातभार लावला, त्या डब्ल्यूएनबीएमध्ये मात्र शेरिल स्वूप्स, ब्रिटनी ग्रायनर, स्यू बर्ड अशा अव्वल खेळाडूंनी खेळत असतानाच हे सांगितले आणि त्या खेळत राहिल्या. खेळ तोच, मालकवर्गही पुष्कळसा तोच. पुरुषांच्या लीगमध्ये असा एकही माणूस नाही, यावर आपला विश्वास बसतो का? माझा बसत नाही. पंच बिल केनेडी यांचीच गोष्ट पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये खेळाडू राजोन रॉन्डो यांनी सामन्यात त्यांना समलिंगी माणसांसाठी वापरली जाणारी शिवी दिली, रॉन्डो यांच्यावर एका सामन्याची बंदी आली आणि त्यानंतर केनेडी यांनी आपल्याविषयी जाहीर केले. सांगायची वेळ त्यांनी निवडली, असे म्हणणे कठीण आहे.

वेल्ट्स निवृत्तीतून परत येऊन जानेवारी २०२५ पासून डॅलस मॅव्हेरिक्सचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, तेव्हा चर्चा त्यांच्या व्यावसायिक अनुभवाची आणि नव्या क्रीडागाराच्या शक्यतेची अधिक झाली. आपल्याला हवी असलेली बेफिकिरी ती हीच. पण ती २०२५ मध्ये शोभते, कारण सांगायचे ते १४ वर्षांपूर्वी सांगून झालेले होते. जो अजून गप्प आहे त्याच्याशी तीच बेफिकिरी दाखवली, तर त्याला ती गप्प राहण्याची सूचना वाटते.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. पुढच्या वेळी एखादा अधिकारी, पंच किंवा खेळाडू आपल्याविषयी सांगेल आणि ‘यात सांगण्यासारखे काय?’ हा प्रश्न आपल्या ओठावर येईल, तेव्हा तो त्या व्यक्तीला न विचारता तिच्या संघाच्या कार्यालयाला विचारावा, आणि जरा तपशिलात विचारावा. कर्मचाऱ्याच्या आरोग्यविम्यात समलिंगी जोडीदाराचे नाव घालता येते का, जोडीदाराच्या मृत्यूनंतर किती दिवसांची रजा मिळते, संघाच्या कौटुंबिक कार्यक्रमाच्या निमंत्रणावर कोणाकोणाची नावे चालतात, प्रेक्षागारातून शिवी आली तर ती देणाऱ्याला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाकडे आहे आणि मागच्या हंगामात तो किती वेळा वापरला गेला. हंगामाची तिकिटे आपण विकत घेता, तेव्हा हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. मिळालेली उत्तरे कृपया प्रसिद्धही करावीत.

कळावे.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक